सणाचं गोड आणि बिनसणाचं गोड

(सेवाग्रामला रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेल्या बोलण्याचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत.)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? छान.

आज गोड खाण्याबद्दल आणि वजनाबद्दल बोलायचंय. विषय कळल्यावर जे मेसेज आले, त्यात एकच प्रश्न फिरून फिरून येत होता, "ताई, गोड सोडायचं कसं?" तर आधीच सांगते, मी गोड सोडलेलं नाही. संक्रांतीला तीळगूळ खाल्ला, उन्हाळ्यात आमरस आणि सरगुंडे खाल्ले, पोळ्याला पुरणपोळी खाल्ली. तरी गेल्या १४ महिन्यांत माझं वजन ७१ किलोवरून ६४ किलोवर आलंय. ते कसं, एवढंच सांगायचंय. त्यासाठी थोडं गणित करू आणि थोडं बापूकुटीकडे बघू. सेवाग्राममध्ये बसून खाण्यावर बोलायचं आणि बापूंचं नाव निघणार नाही, असं होतच नाही.

माझी ओळख आधी. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. सेवाग्रामला राहते, वर्ध्याला खुर्चीवर बसून करायची नोकरी करते. घरात आम्ही चार माणसं. आजी, आई, बाबा आणि मी. बाबांना १५ वर्षांपासून शुगर आहे. मध्यंतरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली. साधी जखम. ती भरायला चार महिने लागले. रोज संध्याकाळी ड्रेसिंग करायचं काम माझ्याकडे होतं. त्यानंतर वर्षभराने माझा स्वतःचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी ६.०. आता ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात. ज्याने चार महिने ती जखम बघितली आहे, त्याला हा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

आणि ही काही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०२३ साली आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर निघाला. उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख. म्हणजे ज्यांना अजून काही करता येण्यासारखं आहे, त्यांची संख्या मोठी आहे. तुमच्यातलेही काही त्यात असतील. बरेच जण तपासतच नाहीत, म्हणून माहीत नसतं.

वजनाचंही असंच. माझी उंची १५७ सेंटीमीटर. ७१ किलोला बीएमआय जवळपास २९ येत होता, आज २६ आहे. आपल्याकडे, म्हणजे भारतीयांसाठी, २३ च्या वर गेलं की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. परदेशी चार्टमध्ये हेच आकडे २५ आणि ३० आहेत. मोबाइलमधलं ॲप परदेशी चार्ट लावत असेल तर ते तुम्हाला उगाच शाबासकी देईल. आपल्या शरीरात चरबी पोटावर लवकर जमते, म्हणून हा फरक. पोटाचा घेर मोजा. मुलांचा ९० सेंटीमीटर आणि मुलींचा ८० सेंटीमीटरच्या आत हवा. शिवणकामाची टेप घरात असतेच.

तर डॉक्टर म्हणाले, "गोड कमी करा." सगळेच डॉक्टर म्हणतात. पण कमी म्हणजे किती? आणि मुळात आत्ता किती खातोय, हे कोणाला माहीत आहे? मला विचाराल तर सगळा घोळ इथेच आहे. आपण वजन मोजतो, पावलं मोजतो, रीलचे व्ह्यूज मोजतो. साखर मात्र कोणी मोजत नाही.

मी किराण्याची यादी काढली. आमच्या घरी महिन्याला साखर आणि गूळ मिळून ५ किलो लागायचं. ५ हजार ग्रॅम भागिले ३० दिवस भागिले ४ माणसं. किती? साधारण ४२ ग्रॅम, रोज, माणशी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण थांबा, बाबा तर साखर घेतच नाहीत. त्यांचा चहा वेगळा होतो. म्हणजे ही ५ किलो साखर तिघींची. भागिले ३ केलं की रोज ५५ ग्रॅम. पाहुण्यांचा चहा वजा केला तरी फार फरक पडत नाही. शिवाय यात बाहेरचं काहीच नाही. ऑफिसमधला चहा नाही, बिस्किटं नाहीत, कोल्ड्रिंक नाही, कोणाच्या वाढदिवसाचा केक नाही.

आता हे जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, गूळ, मध, शिवाय रसातली साखर, हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावं. ५ टक्क्यांच्या आत आलं तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. बारीक चणीच्या, बसून काम करणाऱ्या मुलीला याहून थोडं कमीच. म्हणजे मी फक्त घरातच वरची मर्यादा ओलांडत होते. पुरणपोळी न करता, श्रीखंड न खाता.

मग ही साखर जात कुठे होती? चहात. आमच्या घरातला चहाचा चमचा मी वजनकाट्यावर ठेवून बघितला. सपाट भरला तर ५ ग्रॅम. आणि आई घालते तसा शिगोशीग भरला तर ८ ग्रॅम. दिवसाला चार कप, कपाला दीड-दोन चमचे. तुम्हीच गुणाकार करा. चहासोबत बिस्किटं आली. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या साधारण पाव हिस्सा साखर असते. उन्हाळ्यात रसवंतीवर एक मोठा ग्लास उसाचा रस घेतला की ३० ग्रॅम सहज. कोल्ड्रिंकच्या २५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास. पाकिटामागे लिहिलेलं असतं. साहित्याची यादी वाचा, जे वजनाने सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं. साखर पहिल्या तिघांत असेल तर ती मिठाई आहे, पाकिटावर 'हेल्दी' लिहिलेलं असलं तरी.

मग मी दुसरी यादी केली, सणांची. संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय तृतीया, पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, कोजागिरी, दिवाळीचे चार-पाच दिवस. त्यात लग्नं घाला, बारशी घाला, वाढदिवस घाला. कितीही ताणलं तरी वर्षात ४०-४५ दिवस होतात. उरलेल्या ३२० दिवसांत सण नाही, पाहुणा नाही, काही नाही. तरी आपण रोज गोड खातोच. आणि ते गोड खाल्लं असं आपल्याला वाटतही नाही. चहा प्यायलो, एवढंच वाटतं.

याला मी बिनसणाचं गोड म्हणते. माझं वजन त्याने वाढलं होतं. पण डाएट सुरू केलं की आपण काय करतो? आजीच्या हातची पुरणपोळी नाकारतो आणि ऑफिसमधला चौथा चहा पितो. जी गोष्ट वर्षातून एकदा मिळते, जिच्यात घरच्यांचा जीव आहे, ती सोडतो. आणि जिची चवसुद्धा लक्षात राहत नाही, ती चालू ठेवतो.

आता बापूंकडे येऊ.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलमध्ये इथे राहायला आले, तेव्हा या गावाला शेगाव म्हणत. पुढे ते सेवाग्राम झालं. आश्रमातल्या जेवणाची ख्याती तुम्हाला माहीत आहे. उकडलेल्या भाज्या आणि सोबत कडुनिंबाची चटणी. ११ व्रतांपैकी एक व्रतच आहे, अस्वाद. जिभेच्या चोचल्यांसाठी न खाता शरीराला लागतं म्हणून खायचं. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी ठरवलं की दिवसात पाचाहून जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. आयुष्यभर त्यांनी एकेक गोष्ट सोडून बघितली. मीठ सोडलं, डाळी सोडल्या, दूध सोडलं.

आता असा माणूस साखरेबद्दल काय म्हणेल, असं तुम्हाला वाटतं? "पूर्ण बंद"? मलाही तसंच वाटलं असतं. पण १९४२ साली पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, 'आरोग्याची किल्ली'. त्यात बैठं, डोक्याचं काम करणाऱ्या माणसाने दिवसभरात काय खावं याची यादी आहे. दूध किती, धान्य किती, पालेभाजी किती, तूप किती, सगळं वजनात. आणि त्या यादीत गूळ किंवा साखरही आहे. दीड औंस. ग्रॅममध्ये करा बरं. ४२ ग्रॅम.

आलं लक्षात? आमच्या किराण्याच्या यादीचा पहिला भागाकार तोच होता. माझ्या घरातली साखर आणि त्यांच्या यादीतली साखर आकड्याने सारखी निघाली. फरक एवढाच की त्यांच्या यादीत तो दिवसाचा संपूर्ण हिशोब होता आणि ते चहा घेत नसत. आमच्याकडे ती सुरुवात होती.

मला यात एक गोष्ट फार कामाची वाटली. इतक्या कडक माणसानेही गोडाला यादीतून हाकललं नाही, मोजून जागा दिली. आणि दुसरं म्हणजे त्यांनी गूळ आणि साखर एकाच ओळीत, एकाच मापात लिहिली. हे नीट ऐका, कारण सध्या 'गुळाचा चहा' म्हणून जे चाललंय त्याच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. गांधीजी गुळाचे मोठे पुरस्कर्ते होते. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतून चालायचं, कुमारप्पा ते बघायचे. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हे सगळं गावात तयार व्हावं, गावात पैसा राहावा, अन्नातलं सत्त्व टिकावं, असा तो विचार होता. गुळात थोडं लोह, थोडे क्षार असतात, हे खरं. पण कॅलरी? १०० ग्रॅम साखरेत ४००, १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. वजनाच्या काट्याला दोन्ही सारखेच. गुळाच्या बाजूने इतकं लिहिणाऱ्या माणसानेही गूळ दीड औंसच सांगितला. आपण मात्र 'गूळ आहे ना' म्हणून दोन खडे जास्त टाकतो.

एक इशारा मात्र देते. वजन कमी करण्यासाठी बापूंचा आदर्श घेऊ नका. त्यांच्या तब्येतीच्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यात १९३९ सालचं वजन ४६.७ किलो आहे, बीएमआय १७.१. आजच्या हिशोबाने ते कमी वजनात मोडतं. त्यांचे उपास, त्यांचे प्रयोग त्यांचे होते. आपल्याला त्यांच्याकडून फक्त मोजायची सवय घ्यायची आहे.

तर मी काय केलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, चहा. पातेल्यात साखर टाकणं बंद केलं. ज्याने त्याने आपल्या कपात घालायची. त्याने एक गंमत झाली, बाबांचा चहा वेगळा ठेवायची गरज उरली नाही. १५ वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांचा चहा एका पातेल्यात व्हायला लागला. आईने सुरुवातीला कुरकुर केली, "उकळल्याशिवाय साखर मुरत नाही." बरोबर आहे, मुरत नाही, पण विरघळते. दोन चमच्यांवरून दीड, तिथे दोन आठवडे थांबायचं, मग एक, मग पाऊण. जीभ हळूहळू बदलते. एकदम बंद केलं की ती बंड करते. आता मला जुना चहा पाकासारखा लागतो. चार कपांचे दोन केले.

दुसरं, भूक आणि तलफ यांत फरक ओळखायला शिकले. दुपारी ४ वाजता गोड हवंसं वाटलं की मी स्वतःला विचारते, आत्ता समोर भाकरी आणि पिठलं आलं तर खाशील का? उत्तर 'हो' असेल तर ती भूक आहे, मग काहीतरी नीट खा. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, ताक, मोड आलेली मटकी. उत्तर 'नाही, फक्त गोडच' असेल तर ती तलफ आहे. ती बहुतेक वेळा १५-२० मिनिटांत ओसरते, विशेषतः जागेवरून उठलं तर. आणि चारची तलफ बऱ्याचदा सकाळच्या नाश्त्यातून येते. नुसते पोहे किंवा चहा-टोस्ट खाऊन निघालं की दुपारी शरीर साखर मागणारच. पोह्यांत शेंगदाणे वाढवा, सोबत वाटीभर दही किंवा उसळ घ्या, फरक पडतो.

तिसरं, झोप. हे तुम्हाला आवडणार नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघितला की दुसऱ्या दिवशी भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. तेव्हा इच्छाशक्तीला दोष देऊन उपयोग नाही, तुम्ही झोपलेलेच नाही. मुलींनो, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस गोडाची ओढ वाढते. तीही कमजोरी नाही. त्या दिवसांसाठी मी आधीच ठरवून ठेवते, रोज एक चिक्की किंवा चॉकलेटचे दोन तुकडे. ठरवलेलं असलं की त्या दोनाचं अख्खं पाकीट होत नाही.

चौथं, गोडाची वेळ. गोड जेवणासोबत किंवा जेवणानंतर खायचं, रिकाम्या पोटी नाही. आधी भाजी, वरण, कोशिंबीर पोटात गेली की रक्तातली साखर एकदम उसळत नाही. आपल्या ताटाची रचना मुळात अशीच आहे. पुरणपोळी एकटी येत नाही, सोबत आमटी असते, भजी असतात, भाजी असते, वर तूप असतं. आपण तिला ताटातून उचलून संध्याकाळी टीव्हीसमोर नुसती खातो, तेव्हा घोटाळा होतो. आणि जेवण झालं की १०-१५ मिनिटं चाला. पळायचं नाही, नुसतं चालायचं. आपल्याकडे तर झाडांचे रस्ते आहेत, आश्रमाच्या बाजूला एक फेरी मारली तरी झालं. बापूंचं चालणं मात्र जरूर उचला.

पाचवं सगळ्यात अवघड. आग्रह.

आमच्या आजीचं वय ८१. तिच्या हातात पुरण असलं की ती कोणाचं ऐकत नाही. "घे ना व माय, एकीनं काय होते? किती सुकली पोरगी!" ७१ किलोला पण मी सुकलेलीच होते. आता तिला 'नको' म्हटलं की ती दुखावते. तिला माझा रिपोर्ट कळत नाही, तिला एवढंच कळतं की मी केलेलं पोरीनं परत पाठवलं. तिच्या लहानपणी घरात गूळ मोजून मिळायचा, पुरण सणालाच व्हायचं. तिच्यासाठी पोटभर गोड खाऊ घालणं म्हणजे आपले दिवस बरे आल्याची खूण. ते मी कोणत्या चार्टने खोडून काढू?

मग मी 'नको' हा शब्दच काढून टाकला. आपल्याकडे 'नको' म्हणजे 'अजून आग्रह करा'. त्याऐवजी मी म्हणते, "आजी, एक दे, पण तुझ्या हातची गरम दे, आणि माझ्याशेजारी बैस." एक पोळी, भरपूर पुरणाची, वरून तूप. हळूहळू खायची, मोबाइल बाजूला ठेवून. एका पोळीत गूळ साधारण २०-२५ ग्रॅम धरा. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. हिशोब जमला. ती समाधानी, मी समाधानी. दुसरीचा आग्रह झालाच तर, "उद्या डब्यात दे." वर्ध्याहून पाहुणे गोरसपाक घेऊन येतात तेव्हाही हेच. एक घ्यायचा, मनापासून खायचा, उरलेला डबा शेजारी फिरवायचा. डबा घरात राहिला तर तो रात्री हाक मारतो.

माझी एक मैत्रीण आहे, तिने ४० दिवस गोड पूर्ण बंद केलं होतं. जिद्दीची आहे, पाळलं तिने. पण ४१ व्या दिवशी तिच्यासाठी गोड म्हणजे बक्षीस झालं होतं. मग बक्षीस घेतल्यासारखं ती खात गेली. तिची जिद्द कमी नव्हती, बंदी उठल्यावर किती खायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. सणाच्या गोडाला जागा आधीच ठरवून ठेवली तर बंदीही लागत नाही आणि बक्षीसही लागत नाही.

आता आकडे सांगते. आज आमच्या घरी साखर-गूळ मिळून महिन्याला ३ किलो लागतो. तिघींत भागिले की रोज ३३ ग्रॅम. २५ पर्यंत अजून आलेलो नाही, पण ५५ वरून ३३. म्हणजे माणशी रोज २२ ग्रॅम कमी, कॅलरीत ८८. कागदावर वर्षाला चार किलो वजन कमी व्हायला हवं. शरीर कागदासारखं वागत नाही, मध्ये दोन महिने माझा काटा जागचा हलला नाही. बाकीचं वजन चालण्याने आणि ताटाने उतरलं. ताटात अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-अंडं असं काहीतरी, पाव भाग पोळी किंवा भात. भात सोडला नाही, दोन वाढप्यांचं एक केलं. आणि माझा एचबीएवनसी गेल्या तपासणीत ५.६ आला. उंबरठ्याच्या बाहेर, पण अगदी लागून. त्यामुळे मी दर सहा महिन्यांनी तपासणार आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

"ताई, साखरेऐवजी शुगर-फ्री गोळ्या चालतील का?"

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय की वजन कमी करण्यासाठी या गोड गोळ्यांवर विसंबू नका. लांबच्या काळात त्याचा वजनाला फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ही सूचना नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझं साधं कारण वेगळं आहे. गोळीने साखर जाते, पण जिभेची गोडाची सवय तिथेच राहते.

"खजूर-ड्रायफ्रूटचे लाडू शुगर-फ्री असतात ना? कितीही खाल्ले तर?"

'कितीही' हा शब्द आला की सावध व्हा. अख्ख्या फळात तंतू असतात, खजुरातही असतात, ते बर्फीपेक्षा बरंच. पण खजूर, काजू, तूप एकत्र वळलं की एका लाडवात बऱ्याच कॅलरी बसतात. एक खा. आणि फळ खायचं असेल तर फळच खा. आपल्याकडे संत्री दारात येतात. एक संत्रं सोलून खायला पाच मिनिटं लागतात आणि पोट भरतं. ज्यूसच्या ग्लासात तीन-चार संत्री अर्ध्या मिनिटात जातात आणि चोथा टोपलीत.

"हॉस्टेलवर आमच्या हातात काहीच नसतं. मेस देईल ते खायचं."

मेस तुमच्या हातात नाही, टपरी आहे. टपरीवर "साखर कमी" सांगायला लाजू नका, तो करून देतो. खोलीत बिस्किटांच्या जागी फुटाण्यांचा डबा ठेवा. रात्री ११ ला सगळे खायला बाहेर पडतात तेव्हा सोबत जा, गप्पा मारा, पण आठला नीट जेवलेले असा. आणि रिझल्ट लागला, गाडी घेतली, मॅच जिंकली, प्रत्येक वेळी पेढ्यांनीच तोंड गोड करायला पाहिजे असंही नाही. संत्र्यांची पेटी फोडून बघा, कोणी नाराज होत नाही.

"मला एकदा गोड सुरू केलं की थांबताच येत नाही. नंतर इतकं वाईट वाटतं की दोन दिवस जेवत नाही."

थँक यू, हे सगळ्यांसमोर विचारलंस. हे नुसतं गोड आवडण्यापेक्षा वेगळं आहे. भरमसाट खाणं, मग स्वतःला शिक्षा म्हणून उपाशी राहणं किंवा उलटी काढणं, हे वरचेवर होत असेल तर मी सांगितलेलं मोजमाप तुझ्यासाठी नाही. मोजण्याने तो त्रास वाढूही शकतो. तू डॉक्टरांशी बोल, मनाच्या डॉक्टरांशीसुद्धा. यावर उपचार आहेत आणि लोक बरे होतात. कार्यक्रम संपल्यावर थांब, आपण दोघी बोलू. बाकीच्यांनाही सांगते, औषधं चालू असतील, विशेषतः शुगरची, तर मनाने जेवण कमी-जास्त करू नका. साखर एकदम खाली जाणंही धोक्याचं असतं.

बरं, वेळ झाली. जाता जाता एकच काम देते. आज घरी फोन कराल तेव्हा आईला विचारा, महिन्याला साखर किती लागते? त्याला ३० ने भागा, मग साखर खाणाऱ्या माणसांनी भागा. आलेला आकडा कमेंटमध्ये टाका. लाजायचं नाही, आमचा ५५ होता. पुढचा भाग आपण तुमच्या आकड्यांवरच करू. आणि हो, उत्तर दिल्यावर आई विचारेल, "कायले पायजे तुले?" तिला सांगा, दिवाळीच्या अनारशांसाठी जागा करतोय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.